गालिचा घेण्याआधी: माप, धागा, वीण आणि वाळवण

गालिचा घ्यायला निघालेली मंडळी बहुधा नक्षीपासून सुरुवात करतात, रंगावर घुटमळतात आणि किमतीपाशी येऊन निर्णय घेतात. माप चुकले, दार अडकू लागले, पावसाळ्यात कुबट वास सुटला किंवा दोन महिन्यांत मधला भाग चेपला, या गोष्टी मग घरी आल्यावर उघड होतात. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. गालिचा वाळवायचा कुठे हा प्रश्न पहिला, नक्षी सर्वांत शेवटी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील घरे, हवा आणि घरातील वावर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी हिशेब कुठल्याही घराला लागू पडेल.

पहिली पायरी: वावर आणि वाळवण

आपल्याकडे जमिनीचा जितका वापर होतो, तितका पलंगाचा किंवा सोफ्याचाही होत नाही. हळदीकुंकवाची बैठक, गौरी-गणपतीतील गर्दी, दुपारी भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची अंथरुणे हे सगळे जमिनीवरच चालते. चप्पल दाराबाहेर राहते ही जमेची बाजू आहे, पण रोज सकाळी झाडू आणि ओला पोछा फिरतो, आणि गालिच्याची कड सर्वांत आधी खराब होते ती या पोछ्यानेच. फिनेलचे पाणी रोज थोडेथोडे कडेत मुरत राहते, खालचा ताणा, म्हणजे विणीतले उभे दोरे, कुजतो आणि वरून गालिचा धडधाकट दिसत असताना कडेचे दोरे सुटू लागतात. त्यामुळे कोणत्या खोलीत कोण बसणार, काय सांडणार आणि पोछा कसा फिरणार, हे आधी ठरवावे.

त्यानंतर गच्ची, बाल्कनीचा कठडा किंवा अंगण यांपैकी वाळवणासाठी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. पाच फूट बाय आठ फुटांचा गालिचा म्हणजे चाळीस चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. दाट लोकरी गालिच्याचे वजन दर चौरस मीटरला अडीच किलो धरले, तर कोरडा गालिचाच सव्वानऊ किलो भरतो. आठ बाय दहाचा गालिचा याच हिशेबाने साडेअठरा किलोंच्या वर जातो, आणि भिजल्यावर तो दोन माणसांनाही जिन्यावरून गच्चीत नेता येत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, गच्चीची किल्ली सोसायटीकडे असणाऱ्या कुटुंबाने एकच अवजड गालिचा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवेचा विचार तालुक्यागणिक बदलतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव तालुके दुष्काळी पट्ट्यात मोडतात. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा पाऊस आणि जत-आटपाडीचा पाऊस यांची तुलना होत नाही. जावळी, पाटण किंवा शिराळ्याकडे जून ते सप्टेंबर लोकरीचा आणि तागाचा गालिचा जमिनीवर पसरून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. जतमध्ये अडचण ओलीची नसून धुळीची असते, आणि धुळीला उंच लव, म्हणजे गालिच्यावर उभे राहणारे धागे, मानवत नाही, कारण बारीक माती लवेच्या मुळाशी बसून पाय पडेल तसा धागा कापत राहते.

दुसरी पायरी: माप

माप डोळ्यांनी ठरवू नये. दुकानाच्या मोठ्या दालनात पाच बाय आठचा गालिचा लहान वाटतो आणि तोच दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बराच मोठा निघतो. घरी जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून नेमक्या मापाचा कागद तयार करावा, तो जागेवर अंथरावा आणि दोन दिवस तसाच ठेवून घरातल्यांना त्यावरून वावरू द्यावे. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेत कागदाची कड येते का, कपाटाचे दार उघडते का, ज्येष्ठ मंडळी रात्री उठल्यावर त्यांचा पाय कडेवर पडतो का, हे फुटपट्टीने न कळणारे प्रश्न कागद दोन दिवसांत सोडवतो.

हॉलमध्ये तीन माणसांचा सोफा साधारण साडेसहा फुटांचा असतो. गालिचा त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर यावा आणि सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर यावेत. मधोमध टीपॉयखाली टाकलेला तीन बाय पाचचा तुकडा खोली सजवण्याऐवजी ती तुकड्यांत वाटतो. भिंतीपासून मात्र सर्व बाजूंनी फूटभर फरशी मोकळी ठेवावी. ती शोभेसाठी हवीच, शिवाय पोछ्याला गालिच्याची कड न भिजवता फिरता येते.

शयनगृहात पलंगाखाली मोठा गालिचा घालून त्याचा अर्धा भाग अंधारात ठेवण्यात पैसा वाया जातो. पलंगाच्या दोन्ही अंगांना दोन बाय पाचच्या अरुंद पट्ट्या टाकल्या, तर सकाळी पाय थंड फरशीवर पडत नाहीत आणि झाडताना त्या उचलताही येतात. जेवणाच्या टेबलाखाली गालिचा हवाच असेल, तर टेबलाच्या प्रत्येक बाजूला खुर्ची मागे सरकवण्यासाठी दोन फूट धरावेत, म्हणजे तीन बाय पाचच्या टेबलाला सात बाय नऊचा गालिचा लागेल. पण ज्या घरात रोज आमटी-भात होतो, तेथे टेबलाखाली गालिचा घालू नये.

आत उघडणाऱ्या दाराखालची फट मोजायला बहुतेक जण विसरतात. लव आणि तळ मिळून दहा-बारा मिलिमीटर, आणि त्याखाली न घसरण्यासाठी घातलेली रबरी जाळी तीन-चार मिलिमीटर, अशी जाडी दीड सेंटिमीटरपर्यंत सहज जाते. दाराखालून पुठ्ठ्याच्या तुकड्यांची तेवढी चवड सरकवून पाहावी. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि ग्रॅनाइटवर ही जाळी टाळता येत नाही, विशेषतः घरात वयस्क माणसे असतील तर. शहाबादी फरशी खडबडीत असल्याने तीवर गालिचा तुलनेने कमी सरकतो.

ऑनलाइन खरेदी करताना माप सेंटिमीटरमध्ये वाचावे. पाच बाय आठ म्हणून विकला जाणारा गालिचा अनेकदा १५० बाय २४० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी इंच-दोन इंच कमी. १६० बाय २३० हे माप तर पाच बाय आठही नव्हे आणि पाच बाय सातही नव्हे. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये गालिचा बसवायचा असेल, तेथे हा फरक खटकतो.

तिसरी पायरी: धागा

लोकर महाग असते, आणि ती महाग असण्याला कारण आहे. तिची लव दबल्यावर पुन्हा उभी राहते, मळ लगेच आत शिरत नाही आणि ठिणगी पडली तर ती वितळत नाही; जळून काळी पडते आणि बहुधा आपोआप विझते. ज्या घरात समई, धूप, निरांजन रोजचे आहे, तेथे हा गुण लहान नाही. तिचे शत्रू दोन, ओल आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. नवा लोकरी गालिचा पहिले काही आठवडे तंतू सोडतो, त्याला दोष समजू नये.

सुती सतरंजी आपल्या हवेला आणि आपल्या वावराला सर्वांत मानवते. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, बादलीत किंवा मोरीत धुता येते, पाहुणे आले की चटकन अंथरता येते आणि कठड्यावर एका उन्हात वाळते. तिला लव नसल्याने धूळ आत अडकत नाही, म्हणून दम्याचा किंवा धुळीचा त्रास असलेल्या घरात तिचाच विचार करावा. सांगलीच्या दक्षिणेला, धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे उभ्या मागावर विणल्या जाणाऱ्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मोर, फुले आणि भौमितिक आकृत्या असलेली ही सतरंजी महागड्या यंत्रविणीच्या गालिच्यापेक्षा हॉलमध्ये अधिक शोभते. सतरंजी म्हणजे लग्नकार्यात मांडवात टाकायची वस्तू, ही समजूत सोडायला हवी.

ताग, म्हणजे ज्यूट, दिसायला देखणा आणि खिशाला परवडणारा असतो. तो पाणी मात्र सोसत नाही. पेलाभर पाणी सांडले तरी तपकिरी डाग उमटतो आणि ओलसर हवेत तो कुबट होतो. विटा, आटपाडी किंवा दहिवडीच्या कोरड्या हवेत तो चालेल, पाटण-महाबळेश्वरकडे नको.

पॉलिप्रॉपिलीन हा प्लास्टिकचा धागा आज बाजारात सर्वांत जास्त दिसतो. तो पाणी शोषत नाही, लवकर वाळतो, त्याला कसर लागत नाही आणि किंमत आटोक्यात असते, म्हणून लहान मुलांच्या खोलीला किंवा भाड्याच्या घराला तो योग्यच आहे. त्याचा दोष असा की येण्याजाण्याच्या वाटेवर त्याची लव कायमची दबते, तेलकट डाग त्याला धरून बसतो, आणि उदबत्तीची पेटती राख पडली की तेवढ्या जागी तो वितळून कडक टिकली तयार होते. देवघरासमोर तो टाकू नये.

राहिला व्हिस्कोस. 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' अशा नावांनी तो विकला जातो, दुकानातील दिव्यांखाली रेशमासारखा चमकतो आणि हाताला मऊ लागतो. पाणी पडले की मात्र त्याचे तंतू अशक्त होतात, लव विस्कटते आणि पिवळसर डाग राहतो. त्यावर बसायला कुणाला जागा द्यावी अशी भीती वाटावी, इतका तो नाजूक असतो. घरात वावर असलेल्या कुटुंबाने तो घेऊच नये.

घोंगडीचा उल्लेख इथे हवा. माण, खटाव, आटपाडी आणि जत या पट्ट्यात मेंढपाळ समाज मोठा आहे आणि दख्खनी मेंढीच्या काळ्या-करड्या लोकरीपासून हातमागावर विणलेली घोंगडी यात्रा-जत्रांच्या बाजारांत अजूनही मिळते. चिंचोक्याच्या खळीने तिला ताठपणा आणतात. ती अंगाला बोचते, म्हणून गालिचा म्हणून वापरताना तिच्यावर सुती आसन टाकावे किंवा बैठकीच्या गादीखाली ती अंथरावी. थंडीत साताऱ्याच्या फरशीवर तिच्याइतकी ऊब देणारी वस्तू त्या किमतीत दुसरी मिळणार नाही. रंग नैसर्गिक लोकरीचाच असेल तर तो जाण्याचा प्रश्न येत नाही. लोकरीत हल्ली कृत्रिम धाग्याची भेसळही असते, तेव्हा पुढे सांगितलेली परीक्षा करून घ्यावी.

चौथी पायरी: गालिचा उलटा करणे

दुकानात गालिच्याचा एक कोपरा धरून तो उलटा करावा. विक्रेता समोर जी माहिती सांगतो, तिची पडताळणी मागच्या बाजूला होते.

हातगाठींच्या गालिच्यात मागची नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक गाठ ताण्याच्या दोऱ्यांना मारलेली असते आणि तळाला वेगळे कापड नसते. टोकाच्या दशा या ताण्याचेच बाहेर आलेले दोरे असतात, त्या ओढून पाहिल्यास त्या थेट गालिच्याच्या आत जाताना दिसतात. हाताने विणल्यामुळे गाठींच्या ओळींत किंचित उंच-सखलपणा असतो आणि दोन टोकांच्या रुंदीत इंचभर फरक असू शकतो. भदोही-मिर्झापूर आणि काश्मीर ही या कामाची मोठी केंद्रे आहेत आणि दोन्हीकडच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन आहे.

टफ्टेड गालिच्याच्या मागे कापड डकवलेले असते. हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने कापडात धागे घुसवायचे, मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, लेप द्यायचा आणि त्यावर दुसरे कापड चिकटवायचे, अशी त्याची कृती. दशा असल्याच तर त्या वरून शिवलेल्या असतात. हा गालिचा काही वाईट नव्हे. चांगल्या लोकरीचा टफ्टेड गालिचा अनेक वर्षे टिकतो. मात्र लॅटेक्स जुने झाले की त्याची पूड पडते, फरशीवर पांढुरके पीठ साचते, आणि पाण्यात भिजवला तर कापड सुटते. हा गालिचा 'हाताने बनवलेला' म्हणून विकला जातो, जे शब्दशः खोटे नाही, पण किंमत हातगाठींची सांगितली जात असेल तर ती फसवणूक आहे. कोपरा दुमडल्यावर करकर आवाज आला किंवा रबराचा उग्र वास आला, तर तो गालिचा जिथल्या तिथे ठेवावा.

यंत्रविणीच्या गालिच्याची मागची बाजू छापल्यासारखी एकसारखी असते, तळाला ताग किंवा पांढऱ्या धाग्याच्या सरळ रेषा दिसतात आणि कडा यंत्राने इंटरलॉक केलेल्या असतात.

हातगाठींची किंमत खरी की फुगवलेली, हे साध्या गुणाकाराने कळते. चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या, तर पाच बाय आठच्या गालिच्यात ५,७६० चौरस इंच, म्हणजे ५ लाख ७६ हजार गाठी झाल्या. एका विणकराच्या दिवसाला आठ हजार गाठी धरल्या तरी ७२ दिवसांची मजुरी झाली. लोकर, रंग, धुलाई, कातरणी आणि वाहतूक वेगळी. हा हिशेब डोक्यात असला की पाच-सहा हजारांत 'हातगाठींचा लोकरी' गालिचा देऊ करणाऱ्याकडे हसून पाहता येते.

यानंतर दोन परीक्षा. पांढरा रुमाल पाण्याने ओला करून गालिच्यातील सर्वांत गडद रंगावर, विशेषतः लाल आणि निळ्यावर, अर्धा मिनिट घासावा. रुमालावर रंग उतरला तर पहिल्याच धुण्यात तो शेजारच्या पांढऱ्या फुलांत पसरेल. दुसरी परीक्षा धाग्याची. दुकानदाराच्या परवानगीने कडेचा एखादा सुटा तंतू घेऊन, दुकानाबाहेर, चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांनी चुरडतो. कापूस आणि व्हिस्कोस कागदासारखे जळून राख होतात. कृत्रिम धागा आक्रसून वितळतो आणि त्याचा टणक मणी बनतो. तंतू द्यायला नकार मिळाला, तर निदान 'शंभर टक्के लोकर' असे बिलावर लिहून मागावे. लिहून द्यायलाही काचकूच झाली, तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.

पाचवी पायरी: रंग, भाव आणि बिल

रंगाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. काळ्या मातीच्या गावात फिकट पांढरा आणि जावळीच्या तांबड्या मातीत गडद निळा, दोन्ही लगेच मळलेले दिसतात. मध्यम छटा आणि बारीक नक्षी यांवर मळ लपतो. उसाची पाचट पेटवण्याच्या दिवसांत हवेतून येणारी काजळी खिडकीशेजारच्या फिकट गालिच्यावर हमखास दिसते. निवडलेला नमुना दिवसाउजेडी दुकानाच्या दारात आणून पाहावा, दिव्यांखाली रंग फसवा दिसतो.

भाव नेहमी चौरस फुटाने काढावा. चार बाय सहाचा गालिचा ५,४०० रुपयांना आणि पाच बाय आठचा ८,००० रुपयांना असेल, तर पहिला स्वस्त भासतो. प्रत्यक्षात तो चौरस फुटाला २२५ रुपये आणि दुसरा २०० रुपये पडतो. एकाच मापाच्या दोन गालिच्यांची तुलना करताना वजन विचारावे, कारण जास्त वजन म्हणजे बहुधा दाट लव. लव बोटांनी फाकवून पाहिल्यावर तळ लगेच दिसत असेल, तर वीण विरळ आहे.

साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या मारुती रोड, गणपती पेठ भागात खरेदी करताना घासाघीस होते, आणि ती करावी, पण भाव पाडण्याइतकाच बदलून घेण्याच्या मुदतीवरही भर द्यावा. पक्क्या बिलावर धाग्याचा प्रकार, विणीचा प्रकार, माप आणि परतीची मुदत लिहून घ्यावी. गावोगाव फिरून किंवा तात्पुरत्या प्रदर्शनात विकणाऱ्यांकडेही चांगला माल असतो, मात्र ते पुढच्या आठवड्यात सापडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून फार महागडी वस्तू घेऊ नये.

हातगाठींचा गालिचा घेताना बालमजुरीचा प्रश्नही विचारावा. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये 'रगमार्क' ही खूण सुरू झाली, तीच पुढे 'गुडवीव्ह' या नावाने ओळखली जाऊ लागली. गालिच्याच्या मागे ही खूण असेल, तर तो बालमजुरीविना विणला गेला आहे की नाही याची तपासणी करणारी यंत्रणा त्यामागे आहे असे समजावे.

सहावी पायरी: घरी आणल्यानंतर

गुंडाळून आलेल्या गालिच्याला वळ्या असतात. तो उलट दिशेने सैल गुंडाळून रात्रभर ठेवावा आणि मग अंथरावा. कोपऱ्यांवर दोन दिवस पाट किंवा जाड पुस्तके ठेवली की कोपरे बसतात. रबरी जाळी गालिच्यापेक्षा सर्व बाजूंनी इंचभर लहान कापावी. महागड्या गालिच्यावर वर्षभर जुनी चादर टाकून ठेवायची आणि पाहुणे आले की ती काढायची, ही आपल्याकडची रीत मला कधीच पटलेली नाही. ज्याला जपण्यासाठी झाकावे लागते, तो आपल्या वावराला साजेसा नव्हता इतकाच त्याचा अर्थ.

आठवड्यातून एकदा व्हॅक्युम क्लीनर किंवा मऊ कुंचा लवेच्या दिशेने फिरवावा. दशांवर व्हॅक्युम चालवू नये, त्या तुटतात. दर सहा महिन्यांनी गालिच्याची दिशा बदलली की ऊन आणि वावर दोन्ही बाजूंना सारखे लागतात.

काही सांडले तर घासू नये. कोरडे कापड दाबून टिपून घ्यावे आणि मग गार पाण्याचा हात फिरवावा. हळदीचा डाग आपल्या घरांत अटळ आहे. साबण लावताच तो लालसर होतो आणि आपण घाबरतो, पण तो अल्कधर्मी साबणाचा परिणाम असतो. सुती सतरंजीवरचा हळदीचा डाग धुऊन कडक उन्हात ठेवला, तर दोन-तीन उन्हांत बराच उडतो. लोकरीवर मात्र ब्लीच किंवा कपडे धुण्याची तीव्र पावडर कधीही वापरू नये, ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण वापरावा, तोही आधी कोपऱ्यावर लावून पाहून.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, लोकरीचा गालिचा लव खाली करून उन्हात घालावा, मागून काठीने हलके झोडपावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावर गुंडाळावा. घडी घालू नये, घडीच्या रेषेवर ताणा तुटतो. गुंडाळी जुन्या सुती चादरीत बांधावी. प्लास्टिकमध्ये बांधली तर आतली ओल आतच राहते. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून आत ठेवाव्यात, आणि गुंडाळी भिंतीला टेकवून उभी न करता फळीवर आडवी ठेवावी. पावसाने उघडीप दिली की महिन्यातून एकदा ती सोडून मागची बाजू पाहावी. कसर बहुधा अंधारात, पलंगाखाली दबलेल्या भागात आणि कडेच्या शिवणीत आधी लागते.

कृष्णाकाठच्या सखल भागांत राहणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगलीत पुराचे पाणी घरांत शिरले होते, त्यामुळे तळमजल्यावरचा गालिचा जुलैच्या आधीच माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरील नातलगांकडे हलवलेला बरा. पुराच्या पाण्यात भिजलेला टफ्टेड गालिचा वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, त्यातील लॅटेक्स आणि कापड यांच्यामध्ये अडकलेला गाळ निघत नाही. सुती सतरंजी वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून, जंतुनाशकाच्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवली तर पुन्हा वापरता येते. हातगाठींचा लोकरी गालिचा असेल, तर गाळ वाळू देऊ नये. ओला असतानाच पाण्याच्या हलक्या धारेने तो काढावा, गालिचा आडवा ठेवूनच निथळू द्यावा आणि मग गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे सोपवावा.